टाकीसकट

सत्तामने आजवर दोनदा तलाक उच्चारला होता आणि आता एकच उरला होता. हे तळावरच्या सगळ्यांना माहीत होतं. फिलवाला तर ते झोपेतही माहीत असायचं. पहिला गेला एका पाहुण्यापायी. "जेवल्याशिवाय निघालास तर माझ्या बायकोला तलाक," असं सत्ताम तंबूच्या तोंडाशी उभा राहून ओरडला, आग्रहाचा कळस म्हणून. पाहुण्याला घाई होती, तो निघाला. दुसरा गेला बाजारात, कुणाच्या तरी उंटिणीच्या वयावरून. दोन्ही वेळा मुदतीच्या आत त्याने तिला परत घेतलं, लोकांनी हसून विषय सोडून दिला. इकडचे पुरुष तलाकची शपथ आईशप्पथ म्हटल्यासारखी घालतात. आईशप्पथ मोडली तर आई घर सोडून जात नाही, एवढाच काय तो फरक. पण तिसऱ्यानंतर परतीची वाट नसते. बाई माहेरी जाते आणि लेकरं बापाकडे राहतात. फिलवाला एकच लेकरू होतं, सहा वर्षांची मूदी. त्यामुळे नवऱ्याचा आवाज चढला की फिलवाचा जीव टांगणीला लागायचा, मग विषय उंटांचा असो की भातातल्या मिठाचा.

त्या हिवाळ्यात विषय गाडीचा होता.

सत्तामची जुनी गाडी शिकारीच्या तोंडावरच मेली. ससाणे आणि कुत्री घालून दिवसभर सशामागे धावायला, उंटांसाठी पाण्याची टाकी ओढून आणायला आणि नफूदच्या वाळवंटात रुतून न बसायला अशी एकच गाडी लागते, आणि ती चुकीची निवडली तर हिवाळा फुकट जातो. सत्ताम फिलवाला घेऊन हाइल शहराला गेला आणि आईच्या नात्यातल्या एका व्यापाऱ्याकडून नवीकोरी अमेरिकी गाडी घेऊन आला. तीन दिवस वापरून बघ, पसंत पडली तर ठेव, नाहीतर परत आण, अशा बोलीवर. गाडी पांढरीशुभ्र होती. पुढे दोन, मागे तिघांची बसायची सोय आणि त्यामागे उघडा हौदा. तळावर आल्यावर त्याने ती तंबूसमोर अशी आडवी लावली, की कुणालाही आत शिरायचं तर तिला वळसा घालून यावं लागावं.

पुरुष वळसा घालून आले आणि बसले. फिलवा कनातीच्या या बाजूला, बायकांच्या भागात, पीठ मळत होती. मधे नुसतं विणलेलं कापड, त्यामुळे पलीकडची वाटीही वाजलेली ऐकू येते. बायकांना सगळं ऐकू येतं हे पुरुषांना ठाऊक असतं, आणि तरी ते बोलतात. कधीकधी म्हणूनच बोलतात.

"दाजी, ही गाडी आहे की दिवाणखाना?" हा आवाज नहारचा, फिलवाच्या थोरल्या भावाचा. "गाद्या काय, बटणावरच्या काचा काय! ससाणा कुठे बसवणार, आरशासमोर?"

"तुझ्या जपानी डब्यात बसून तुझ्या पाठीचा कणा वाकलाय," सत्ताम म्हणाला. "म्हणून गादी बघून पोटात दुखतंय तुझ्या."

"माझा डबा बंद पडला तर मी चिमट्याने आणि तारेने चालू करतो. तुमची ही राणीसाहेब रुसली तर हाइलहून इंजिनिअर येणार. तोवर ससा नातवंडांचं तोंड बघेल."

पुरुष हसले. जर्बूकाकांनी, म्हणजे नहारच्या आणि फिलवाच्या चुलत्यांनी, कॉफी कुटायचं थांबवून मत दिलं. या तळावर त्यांच्या मताला वजन होतं. "इंजिनात दम आहे, ते कबूल. पण मागून मऊ आहे रे ती. भरली टाकी जोडली की ढुंगण टेकवून बसेल. आणि वजन बघ केवढं! वाळूला वजन आवडत नाही."

"दम असला की वजनाचं काही वाटत नाही, काका."

"असं कोण म्हणतं? विकणारा?"

पुन्हा हशा. फिलवाने मळलेल्या पिठाचा गोळा उचलून पुन्हा आपटला. काकांचं म्हणणं अर्धंच खरं होतं. ती त्या गाडीत हाइलहून बसून आली होती आणि वाटेत तिच्या ध्यानात आलं होतं, की गाडी वाईट नाही. चाकातली हवा काढली, छोट्या गिअरमध्ये टाकली आणि मधे कुठे थांबवली नाही, तर ही बया काहीही ओढेल. शहरात बाईने गाडीला हात लावायची सोय नव्हती, पण इथे वाळूत विचारतो कोण? नवरा ससाण्यामागे गेला की विहिरीवरून टाकी ओढून आणायचं काम फिलवाचंच असायचं, लग्न झाल्यापासून. वाटेत तिने सत्तामला एवढंच म्हटलं होतं, "अहो, वाळूत चाकांची हवा जास्त काढावी लागेल हिच्या." त्यावर तो म्हणाला होता, "तुला विचारलं कुणी?"

पलीकडे सत्तामचा आवाज आता चढायला लागला होता. "समोरच्या तांबड्या टेकडीवर चढवून दाखवतो. मग बोला."

"रिकामी?" नहार म्हणाला. "रिकामी तर माझी आजीपण चढवेल."

"टाकी जोडून."

"टाकी रिकामी की भरलेली?"

"भरलेली!"

"राहू द्या हो काका," नहार मुद्दाम काकांकडे वळून म्हणाला. "उगाच कशाला मूदीच्या बापाला दमवायचं?"

फिलवाचे हात पिठातच थांबले. इथे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याचा बाप, तमक्याचा बाप. मुलगा नसलेल्याला मुलीच्या नावाने हाक मारणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत देणं. नहारला हे कळत होतं आणि बहिणीचा एकच तलाक उरलाय हेही कळत होतं, कारण दुसऱ्या वेळी बाजारात तोच साक्षीला उभा होता. पण समोरच्याला डिवचून तो किती उडतो हे बघण्याइतकी मजा नहारला शिकारीतही येत नसे. लहानपणी तो सरड्यांना असाच काडीने टोचत बसायचा.

सत्ताम उठून उभा राहिल्याचं तिला कळलं, कारण त्याची सावली कनातीवर पडली.

"ऐका सगळे! ही गाडी आज सूर्य मावळायच्या आत भरल्या टाकीसकट तांबड्या टेकडीच्या माथ्यावर उभी राहील. नाही राहिली, तर फिलवाला तलाक!"

कॉफीच्या खलबत्त्याचा आवाज बंद पडला. मूदी आईच्या पदराशी कणकेची चिमणी करत बसली होती, तिने मान वर केली. "आई, बाबांनी तुझं नाव घेतलं."

खरंच घेतलं होतं. इथे चार पुरुषांत कुणी बायकोचं नाव घेत नाही. घरची माणसं किंवा मुलांची आई म्हणतात. नाव फक्त सोडताना घेतात.

"गाढवा," जर्बूकाका म्हणाले, "अल्लाचं नाव कमी पडलं का रे तुला शपथ घालायला? एकच उरलाय तुझ्याकडे."

"मला मोजता येतं, काका."

अजूनही सगळं मिटलं असतं. नहारने नुसतं म्हणायचं होतं, "दाजी, मानलं, चढेल तुमची गाडी, बसा." ज्याच्याशी पैज लागली त्यानेच मानलं की शपथ सुटली असं इथे धरतात, गाडी टेकडीकडे न्यावीच लागत नाही, आणि दोन दिवसांनी सगळे विसरतात. फिलवा कनातीला कान लावून भावाच्या तेवढ्या एका वाक्याची वाट बघत राहिली. सख्खा भाऊ होता. तो म्हणाला, "चला तर मग, ऊन आहे तोवर."

* * *

टाकी भरून जोडेपर्यंत दुपार कलली. बायका लांबच्या उंचवट्यावर उभ्या होत्या. सत्तामने चाकातली हवा काढली नाही. हवा काढणं म्हणजे नहारसमोर कबूल करणं, की गाडीला मदत लागते. त्याने लांबून धाव घेतली, इंजिन गरजलं, वाळूचे लोट उठले, आणि टेकडीच्या मध्यावर त्याने गिअर बदलायला पाय काढला. गाडी तिथेच बसली. मागची चाकं फिरत राहिली आणि स्वतःसाठी खड्डा खणत राहिली.

त्याने मागे घेतली, पुन्हा धाव घेतली. या वेळी त्याआधीच रुतली. तिसऱ्यांदा टाकी वाकडी होऊन कलंडता कलंडता राहिली. पुरुष फावड्याने वाळू उपसत होते आणि नहार उपसता उपसता बोलत होता.

"काका, ही चढायची नाही, पण पाणी लागेपर्यंत खणेल. विहिरीचा खर्च तरी वाचला."

कुणी हसलं, कुणी नाही. सूर्य खाली आला होता. सत्ताम दार उघडून उतरला आणि वाळूत फतकल मारून बसला. घामाने त्याचा चेहरा चकाकत होता. "झालं," तो म्हणाला. "नशीब माझं." जणू काही त्याचंच काहीतरी जाणार होतं.

फिलवाला एवढा संताप आला, की भीतीला आत जागाच उरली नाही. ती उंचवट्यावरून उतरली आणि तोंडावर पदर घेऊन सरळ पुरुषांच्या घोळक्याजवळ आली. मूदी मागे पळत आली. नवऱ्याशी न बोलता फिलवा काकांसमोर उभी राहिली.

"काका, शपथ कशी होती? जशीच्या तशी सांगा."

काकांनी सांगितली. "सूर्य मावळायच्या आत, भरल्या टाकीसकट, गाडी माथ्यावर उभी राहील."

"गाडी उभी राहील म्हणाले ना? गाडी कोण चालवेल, ते म्हणाले का?"

जर्बूकाका दाढी खाजवत राहिले. "नाही म्हणाला," ते शेवटी म्हणाले. "गाडी चढली की शपथ सुटली. मग उंटाने चालवली तरी चालेल."

फिलवा नवऱ्याकडे वळली. "अहो, मी बघू का?"

सत्तामने वर पाहिलं नाही. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याची नजर वाळूवर होती आणि मानेची शीर उडत होती. फिलवाने ती शीर पाहिली, आणि तरीही ती पुढे गेली, कारण सूर्य त्याच्यासाठी थांबणार नव्हता.

तिने वाळूतून एक काटकी उचलली आणि चारही चाकांची तोंडं दाबून हवा सोडली. टाकीच्या चाकांचीही सोडली. फुस्स आवाज निघत राहिला आणि चाकं जमिनीवर पसरत गेली. नहार म्हणाला, "अगं, पार बसतील!" तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मूदी केव्हाच मागच्या गादीवर जाऊन बसली होती. तिला उतरवायला वेळ नव्हता.

गाडी तिने आधी सावकाश मागे, पार पायथ्याच्या घट्ट जमिनीपर्यंत नेली. मग छोट्या गिअरमध्ये टाकली आणि सत्तामच्या सगळ्या खड्ड्यांना सोडून बाजूने, जिथे वाऱ्याने वाळू दाबून बसवली होती, तिकडून निघाली. धाव अशी तिने घेतलीच नाही. एका चालीने गाडी चालत राहिली. मध्यावर इंजिनाचा आवाज जड झाला, टाकीतलं पाणी मागे लोटलं गेलं आणि पुढचं टोक हलकं झालं. इथेच पाय थरथरतो, इथेच पुरुषाला वाटतं आणखी जोर द्यावा. तिने पाय होता तिथेच ठेवला. "आई, आभाळच दिसतंय," मूदी म्हणाली. फिलवा मनात फक्त म्हणत होती, चल बाई, चल माझे आई, लेकरू आहे मागे. आणि मग समोरचं आभाळ खाली सरकलं, क्षितिज दिसलं, नफूद लाल होऊन दूरवर पसरलेलं दिसलं. गाडी टाकीसकट माथ्यावर उभी राहिली. सूर्य अजून हातभर वर होता.

खालून आरडाओरडा झाला. कुणीतरी हवेत बंदूक उडवली. पुरुष धापा टाकत टेकडी चढून वर आले, नहार सगळ्यांत पुढे, सत्ताम सगळ्यांत मागे. फिलवा गाडीतून उतरली. ती मनातल्या मनात अल्लाचे आभार मानत होती. सुटले, असं तिला वाटलं, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच सत्ताम नावाच्या त्या माणसाकडे बघून पदराआड हसली.

तेव्हा नहार ओरडला. बहीण वाचली म्हणून त्याला खरंच आनंद झाला होता, आणि आनंद झाला की तो नेहमीसारखाच बोलायचा.

"दाजी, गाडी परत करून टाका हो! बायको आहे ना घरात, टाकी तिच्याच मागे जोडा!"

टेकडीवर हशा पिकला. काका हसले, पोटाला हात लावून हसले. एकजण हसता हसता वाळूत बसला. "ससाणापण तिच्याच खांद्यावर!" कुणीतरी म्हणालं, आणि पुन्हा सगळे हसले.

फिलवाचं हसू जागीच विझलं. सत्ताम हसत नव्हता. तो चढून आला होता, त्याच्या पायताणात वाळू भरली होती, आणि तो शांत होता. तो ओरडला असता तर तिला कमी भीती वाटली असती.

ती घाईघाईने बोलू लागली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी काय केलं? मी नुसती बसले होते. गाडीच अशी आहे. यांनी पारखून आणली म्हणून चढली. दुसरी कुठली असती तर निम्म्यात मेली असती. आणि वाळू यांनी आधी तीनदा दाबून ठेवली होती, म्हणून..." ते खोटं होतं, ती त्या वाटेने गेलीच नव्हती, आणि तिथल्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं. तरी ती बोलत राहिली. "यांची पसंती कधी चुकत नाही."

सत्तामने गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला. टाकीच्या साखळीला हिसका देऊन पाहिला. मग मान डोलावली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "दम आहे हिच्यात. काका, तुम्ही मागून मऊ म्हणत होतात."

"चुकलं माझं," काका मोठ्या मनाने म्हणाले.

"ठेवतो मी ही."

"मुबारक! मुबारक!" सगळे म्हणाले. नहारने त्याच्या पाठीवर थाप मारली. मूदीने काच खाली करून मान बाहेर काढली आणि विचारलं, "आपली झाली का गाडी?"

"झाली," सत्ताम लेकीला म्हणाला. मग तो नहारकडे वळला, आणि त्याचा आवाज जराही चढला नाही.

"गाडी मी ठेवतो. तुझी बहीण तू घेऊन जा. फिलवाला तलाक. या वेळी शपथ नाही, अट नाही. काका, तुम्ही साक्षीला आहात, सगळे आहात."

नहारचा हात अजून त्याच्या पाठीवरच होता, तो त्याने काढून घेतला. "दाजी," तो म्हणाला, "अहो, गंमत केली मी."

"माहीत आहे," सत्ताम म्हणाला. "हसलो नाही का मी?"

शपथेचे शब्द उलटसुलट करून बघता येतात, त्यात वाट काढता येते. शांतपणे, दिवसाउजेडी, साक्षीदारांसमोर म्हटलेल्या साध्या वाक्यात कुठली वाट काढणार? फिलवा एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. मघाशी हसणारे सगळे आता पायाखालची वाळू बघत होते, आणि तिला त्या सगळ्यांची शिसारी आली, सगळ्यांत जास्त भावाची.

सत्ताम गाडीत बसला. मागच्या गादीवर मूदी होती. फिलवा दाराकडे धावली, "मूदीला तरी उतरू द्या, आजची रात्र तरी," पण त्याने आतून कडी लावून काचा वर घेतल्या होत्या, बटणावर, चारही एकदम. मूदीला काहीच कळलं नव्हतं. ती काचेला नाक लावून आईला आत यायची खूण करत होती. गाडी मागेपुढे होत वळली आणि उताराला लागली.

आणि तिथे सत्तामने ब्रेक दाबला.

मागची भरली टाकी पुढे लोटली आणि गाडीचं शेपूट आडवं सरकायला लागलं. आणखी जरा आडवी झाली असती तर कोलांट्या खात पायथ्याशी गेली असती. फिलवा पदर सोडून उतारावर धावत सुटली आणि घसा फाडून ओरडली, "ब्रेक सोडा! सरळ! नाक खाली ठेवा, सरळ जाऊ द्या, दाबू नका अहो, दाबू नका!"

काच बंद होती, तरी त्याला ऐकू गेलं असावं. चाकं सुटली. गाडी सरळ झाली आणि टाकीला ओढत, एका चालीने, अगदी तिने सांगितलं तशी खाली उतरली. पायथ्याशी पोचल्यावर ती थांबली नाही, हाइलच्या वाटेला लागली. फिलवा अर्ध्या उतारावर गुडघ्यांपर्यंत वाळूत उभी राहून बघत राहिली, गाडी नीट चाललीय ना म्हणून.